आधीचंच बरं होतं!

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारलाच परत करायला सुरुवात केली. राज्यभर हे आंदोलन चालले. सेविका बालविकास प्रकल्प कार्यालयांत गेल्या आणि फोन जमा करून आल्या. दोनच वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, हे फोन वाटले गेले तेव्हा नोंदवह्या भरण्याच्या जाचातून आता सुटका होणार, असे त्यांना सांगितले गेले होते. मग नोंदवह्या परवडल्या पण फोन नको, अशी पाळी का आली?

कोणत्याही कार्यालयात या प्रश्नाची दोन उत्तरे तयारच असतात. एक, ‘बायकांना तंत्रज्ञान झेपत नाही.’ दुसरे जरा खवचट, ‘कामाची नोंद व्हायला लागली की पोटात दुखतंच.’ प्रत्यक्षात सेविकांची तक्रार नीट ऐकली असती तरी कारण कळले असते. फोन दोन जीबी रॅमचे होते. १ मार्च २०२१ पासून केंद्राने ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप आणले, ते या फोनवर धड चालेना. फोन तापत, अडकत, मध्येच बंद पडत. वॉरंटी संपलेली, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी, तोही तुटपुंज्या मानधनातून. शिवाय अ‍ॅप इंग्रजीत. आयुष्यभर बाळांची नावे, वजने आणि लसीकरणाच्या नोंदी मराठीत करणाऱ्या बाईने इंग्रजी रकान्यांत माहिती भरायची, आणि चुकली तर जबाबही तिनेच द्यायचा.

यातली सर्वांत बोलकी गोष्ट पुढे घडली. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंगणवाडी कर्मचारी बेमुदत संपावर गेल्या, तेव्हा मानधनवाढीबरोबर त्यांची एक ठळक मागणी होती, नवे मोबाइल द्या. ज्यांनी जुने फोन परत केले होते, त्याच आता नव्या फोनसाठी संपावर बसल्या. त्यांचा विरोध मोबाइलला नव्हताच. न चालणाऱ्या मोबाइलला होता.

कामाच्या जागी बदल आणणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कारखान्याचा मालक असो, बँकेचा शाखाधिकारी असो की जिल्हा परिषदेतला विभागप्रमुख, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. कर्मचारी ‘नको’ म्हणतात तेव्हा त्या नकारात बहुधा कामाची माहिती दडलेली असते. ती काढून घेतली तर बदल सुधारतो. दडपली तर ती दुसऱ्या वाटेने बाहेर येते: गैरहजेरीतून, रिजेक्शनमधून, ‘सिस्टिम डाउन आहे’ या सदाबहार सबबीतून.

वाळूजची चाळीस वर्षे

छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला ‘तुम्हाला बदल आवडत नाही’ असे म्हणणे म्हणजे इतिहास विसरणे आहे. १९८५ मध्ये शहराजवळ बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना अवघ्या १६ महिन्यांत उभा राहिला. तत्कालीन राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गंगापूर, पैठण, वैजापूर, खुलताबाद भागातली शेतकऱ्यांची मुले तिथे आणि आजूबाजूच्या छोट्या-मोठ्या कारखान्यांत कामाला लागली. पावसाच्या आणि सुगीच्या वेळापत्रकावर वाढलेली ही पोरे भोंग्यावर, पाळीवर, पंचकार्डावर जगायला शिकली. याहून मोठा बदल कोणता? पुढे स्कूटर मागे पडली, मोटारसायकल आली. हाताने चालवायची लेथ गेली, सीएनसी आली, वेल्डिंगला रोबो आले. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा आणि आता बिडकीन या पट्ट्याने दर दहा वर्षांनी नवे काहीतरी अंगवळणी पाडले आहे.

तरीही याच पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यात साधा तपासणीचा नवा तक्ता लावला तरी कुरबुर होते, आणि साहेब चक्रावतात. पंधरा लाखांचे मशीन लोकांनी हसत स्वीकारले आणि पाच रुपयांच्या कागदावर अडले, हे कसे?

टीपीएमचे उदाहरण घेतले तर हे उलगडते. ‘टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स’ ही जपानी पद्धत बजाजने स्वतः स्वीकारली आणि आपल्या पुरवठादारांनाही, ‘बावा’ या व्हेंडर संघटनेमार्फत, त्या वाटेवर नेले. वाळूजमध्ये सुट्या भागांच्या धंद्यात असलेल्या माणसाला टीपीएम, कायझेन (सततच्या छोट्या सुधारणा), फाइव्ह एस (कामाच्या जागेची शिस्त) हे शब्द आता भाजी-भाकरीसारखे झाले आहेत. या पद्धतीचा एक पाया असा की मशीन चालवणाऱ्यानेच ते पुसायचे, तेलपाणी बघायचे, नट सैल झालेत का ते तपासायचे. तांत्रिकदृष्ट्या यात काही अवघड नाही. पण ऑपरेटरच्या नजरेतून बघितले की चित्र बदलते. कालपर्यंत झाडूपोछा हेल्परचा होता, ऑइलिंग मेंटेनन्सवाल्याचे होते, आणि ‘आपण ऑपरेटर’ ही एक पायरी होती. ती पायरी गावाकडेही मोजली जाते, सोयरिकीतसुद्धा. आज साहेब म्हणतात, फडके घ्या. मेंटेनन्सवाल्याला वाटते, उद्या आपली गरज काय? ऑपरेटरला वाटते, काम वाढले, पगार तोच. हेल्परला वाटते, आता आपल्याला काढणार. फडके एकच, पण तिघांचे नुकसान वेगवेगळे.

हार्वर्डचे प्राध्यापक पॉल लॉरेन्स यांनी १९५४ मध्येच लिहून ठेवले होते की लोक तांत्रिक बदलाला सहसा अडवत नाहीत. त्या बदलामुळे माणसामाणसांतले संबंध, मान आणि कामाची वाटणी विस्कटते, त्या विस्कटण्याला अडवतात. सत्तर वर्षांनंतरही बदलाची योजना करणाऱ्यांच्या सादरीकरणात यंत्राच्या माहितीच्या चाळीस स्लाइड असतात आणि माणसांच्या वाटणीची एकही नसते.

हिशेब नुकसानीचा

मानसशास्त्राने या बाबतीत दिलेली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे नुकसानीचे वजन. डॅनियल कानेमान आणि आमोस ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार मिळालेल्या शंभर रुपयांचा आनंद आणि गमावलेल्या शंभर रुपयांचे दुःख सारखे नसते. दुःख साधारण दुप्पट जड जाते. नंतर सॅम्युअलसन आणि झेकहाउसर यांनी १९८८ मध्ये दाखवले की दोन पर्याय जवळजवळ सारखे असले तर माणूस जे चालू आहे तेच चालू ठेवतो. बदल सांगणारा नेहमी फायद्याच्या बाजूने बोलतो, ऐकणारा नुकसानीच्या बाजूने मोजतो. दोघेही खरे बोलत असतात, आणि त्यांचे गणित जुळत नाही.

कामगाराच्या खात्यात नुकसान कशाकशाचे असते? पैशाचे असतेच. नवी पद्धत शिकताना पहिले काही आठवडे उत्पादन कमी होते, इन्सेंटिव्ह बुडतो, ओव्हरटाइम जातो. घराचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेलाच कापला जातो. दुसरे नुकसान हुन्नराचे. अठरा वर्षे सेटिंग करणाऱ्या माणसाला आवाजावरून कळते की टूल गेले. त्याच्या जागी सेन्सर बसला की त्याची ती अठरा वर्षे एका दिवसात बिनकामाची ठरतात. त्याहून वाईट म्हणजे काल आयटीआयमधून आलेला पोरगा टॅबलेटवर त्याच्यापेक्षा वेगाने बोटे फिरवतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आपल्याच लाइनवर पुन्हा शिकाऊ होण्याची जी शरम वाटते तिला मॅनेजमेंटच्या भाषेत नाव नाही, म्हणून ती ‘निगेटिव्ह अ‍ॅटिट्यूड’ या खात्यात जमा होते.

तिसरे नुकसान सोबतीचे. पाळ्या बदलल्या, लाइनची मांडणी बदलली, की डबा एकत्र खाणारे, एकाच बसने येणारे, रजा लागली तर एकमेकांचे काम सांभाळणारे चौघे चार दिशांना जातात. याचा फटका कोणत्याही अहवालात दिसत नाही.

चौथे, स्वतः ठरवण्याची मुभा. जॅक ब्रेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये सांगितले की आपली मोकळीक हिरावली जात आहे असे वाटले की माणूस तीच गोष्ट हट्टाने करू पाहतो, एरवी तिची फारशी ओढ नसली तरी. ‘उद्यापासून हे असंच करायचं’ या वाक्याने कित्येक बरे बदल बुडवले आहेत.

आणि पाचवी गोष्ट नुकसान नाही, स्मरण आहे. मागच्या वेळी कायझेनमध्ये दोन सूचना दिल्या, काम सोपे झाले आणि तीन महिन्यांत दोन माणसे कमी झाली, असे एकदा घडले तर ते पुढची दहा वर्षे कँटीनमध्ये सांगितले जाते. अशा कारखान्यात सूचनापेटी रिकामी राहते यात कामगारांचा आळस नाही. त्यांनी धडा नीट गिरवला आहे.

याच्या उलट, जिथे नुकसान नाही तिथे बदलाला कुणाचे व्याख्यान लागत नाही. एसटीच्या तिकीट यंत्रावर यूपीआयने पैसे घ्यायची सोय झाली तेव्हा सुट्ट्या पैशांवरून रोज होणारी भांडणे टळायची वाट मोकळी झाली. अशी गोष्ट कुणाला पटवून द्यावी लागत नाही.

मुंबईचे तीन माग, अहमदाबादचे सात गडी

मराठी कामगारांनी बदलाविरुद्ध दिलेला सर्वांत मोठा लढा आज फारसा आठवला जात नाही. १९२७ च्या सुमारास मुंबईत ई. डी. ससून समूहाच्या गिरण्यांनी ‘कार्यक्षमतेची’ नवी पद्धत आणली. दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळायचे, कताई खात्यात एकाच्या जागी दोन बाजू बघायच्या. एप्रिल १९२८ मध्ये सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. तो ऑक्टोबरपर्यंत, सहा महिने चालला. ना. म. जोशी, डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, आळवे हे त्याचे पुढारी होते आणि शेवटी प्रश्न चौकशीसाठी फॉसेट समितीकडे गेला. मालकांचे म्हणणे होते की जगभर विणकर याहून जास्त माग चालवतात. कामगारांचे म्हणणे होते की तिकडचा कापूस, तिकडचे सूत आणि तिकडची यंत्रे इथे आहेत कुठे? हलक्या कापसाचे सूत सारखे तुटते. धागा जोडण्यातच वेळ गेला तर तिसऱ्या मागाचा पैसा कुठून मिळणार? आणि ज्यांचे माग काढून घेतले त्या माणसांनी जायचे कुठे? हा मुद्दा तांत्रिकही होता आणि पोटाचाही. अंगणवाडी सेविकांची तक्रार नव्वद वर्षांनी याच जातीची निघाली: कामाचे साधनच कच्चे आहे आणि त्याची किंमत आम्ही मोजतो आहोत.

दुसरी कथा अहमदाबादची, आणि ती वाळूजच्या प्रत्येक प्लांट हेडने वाचावी अशी आहे. साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये १९५२ मध्ये स्वयंचलित माग बसवले. यंत्रे नवी, पण उत्पादन वाढेना, खराब कापडाचे प्रमाण घटेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये तिथे आले. त्यांना दिसले की २२४ मागांवरच्या २९ माणसांचे काम बारा वेगवेगळ्या तुकड्यांत कापले आहे. एक फक्त विणणार, एक फक्त मागाच्या बॅटरीत कांड्या भरणार, एक फक्त तुटलेले सांधणार. कोणाचे कोणाशी नक्की काय नाते, हे कुणालाच ठाऊक नव्हते. राइस यांनी सुचवले की काही मागांचा एक संच सात गड्यांच्या एका छोट्या गटाकडे पूर्ण जबाबदारीने द्यावा. कल्पना कानावर पडताच विणकरांनी आपापले गट स्वतःच पाडून टाकले, कोण कोणाबरोबर हेही त्यांनीच ठरवले. काही आठवडे गडबडीचे गेले, मग कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ पर्यंत गेली आणि खराब कापड ३२ टक्क्यांवरून २० च्या आसपास आले. माग तेच, माणसे तीच.

या विषयावरचा जगातला पहिला गाजलेला प्रयोग मात्र एका पायजम्याच्या कारखान्यातला आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या मॅरियन गावी हारवुड कंपनीत काम बदलले की बायका चिडायच्या, उत्पादन पडायचे, नोकऱ्या सोडल्या जायच्या. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांनी तिथे गट पाडले आणि १९४८ मध्ये निष्कर्ष छापले. एका गटाला नवी पद्धत आणि नवा दर नुसता सांगितला. त्यांचे उत्पादन खाली आले ते वर गेलेच नाही, आणि पहिल्या ४० दिवसांत त्यातल्या १७ टक्के बायका काम सोडून गेल्या. दुसऱ्या गटांत सगळ्यांना बसवून बदल का हवा ते सांगितले, कामाची नवी रीत त्यांच्याबरोबर ठरवली. हे गट झपाट्याने सावरले आणि आधीपेक्षा सुमारे १४ टक्के पुढे गेले. कोणी सोडून गेले नाही. खरी गंमत पुढे आहे. पहिल्या, आडमुठ्या ठरलेल्या गटातल्या उरलेल्या बायकांना काही काळाने पुढच्या बदलाच्या वेळी चर्चेत घेतले, तर त्याही तितक्याच वेगाने पुढे गेल्या. स्वभाव तोच, वागवणूक वेगळी.

एवढे वाचून लगेच सोमवारी सर्वांची मीटिंग बोलवायला निघालेल्यांसाठी एक इशारा. नॉर्वेतल्या एका बुटांच्या कारखान्यात हाच प्रयोग पुन्हा झाला, १९६० मध्ये त्याचे निष्कर्ष छापले गेले आणि त्याचे फळ फिकट निघाले. कामगारांना ज्या गोष्टीत मत विचारले होते ती त्यांच्या लेखी महत्त्वाची नव्हती. गणवेशाचा रंग कोणता हवा असे विचारून पाळ्यांचे वेळापत्रक वरून लादले, तर मत विचारण्याचा तो देखावा न विचारण्यापेक्षा जास्त चीड आणतो.

मग करायचे काय?

पहिले काम कागदावरचे आहे, आणि ते घोषणेच्या आधी करायचे. बदलाचा फटका ज्यांना बसणार त्या प्रत्येक प्रकारच्या माणसासमोर लिहा: याचे काय जाणार? पैसा, वेळ, मान, हुन्नर, सोबत, बसची वेळ. ऑपरेटर, सेटर, क्वालिटी इन्स्पेक्टर, स्टोअरकीपर, हाउसकीपिंग, सगळे वेगवेगळे लिहा. ज्या नुकसानीची भरपाई शक्य आहे ती घोषणेतच जाहीर करा. शिकण्याच्या काळात इन्सेंटिव्ह मागच्या सरासरीइतका धरला जाईल, एवढे एक वाक्य दहा प्रेरक भाषणांपेक्षा जास्त काम करते. ज्याची भरपाई शक्य नाही ते लपवू नका. माणसे कमी होणार असतील आणि तुम्ही ‘कोणालाही धक्का लागणार नाही’ म्हणालात, तर त्यानंतर तुमच्या कोणत्याच शब्दाला किंमत उरणार नाही.

बँकांनी हे काहीसे नाइलाजाने, पण चांगले केले. संगणकाला बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांचा कडवा विरोध होता. त्यातून ८ सप्टेंबर १९८३ रोजी इंडियन बँक्स असोसिएशन आणि संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. कुठे, किती यंत्रे, याच्या मर्यादा ठरल्या. पुढे १९८७ आणि १९९३ च्या करारांनी त्या सैल होत गेल्या. वेग मंद होता, टीकाकारांच्या मते फारच मंद. पण आज एखाद्या शाखेत ‘लिंक नाही’ म्हटल्यावर सर्वांत आधी वैतागतो तो कर्मचारीच.

दुसरे, सुपरवायझरला आधी गाठा. बदल वरून येतो आणि शिव्या खाली ऐकाव्या लागतात, त्या मधल्या माणसाला. त्याला सगळ्यांबरोबर त्याच सभेत बातमी कळली, तर तो लाइनवर परत गेल्यावर खांदे उडवून एवढेच म्हणेल, ‘वरून आलंय.’ हे दोन शब्द कानावर पडले की बदल तिथेच खलास झाला असे समजावे. त्याला आठवडाभर आधी सांगा, त्याच्या शंका फोडून काढा, आणि वेळापत्रकात बदल करायचा थोडा तरी अधिकार त्याच्या हाती ठेवा.

तिसरे, चाचणी लहान ठेवा आणि परतीची वाट उघडी ठेवा. एक लाइन, एक पाळी, सहा आठवडे. चाचणीसाठी सर्वांत उत्साही माणसे निवडण्याचा मोह होतो, तो टाळावा. ज्याच्या शब्दाला मजल्यावर वजन आहे आणि जो कुरकुरतो आहे, तो माणूस हवा. त्याने सांगितलेल्या त्रुटींपैकी दोन जरी दुरुस्त झाल्या आणि त्या त्याच्यामुळे झाल्या हे सगळ्यांसमोर सांगितले, तर पुढचे पटवणे तोच करतो. जुन्या हुन्नराला नव्या जागेत स्थान द्या. सेन्सर कधी फसतो हे अठरा वर्षांच्या सेटरलाच कळते, मग सेन्सरची मर्यादा ठरवताना तो हजर पाहिजे. शिकवणी मराठीत द्या, स्क्रीनवरचे शब्द मराठी करा, आणि परराज्यातून आलेल्या कामगारांसाठी हिंदीतही. चाळिशीपुढच्यांना पोरांसमोर न शिकवता वेगळ्या तुकडीत शिकवले तर शरमेचा मोठा भाग आपोआप जातो.

चौथी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे. आजच्या कारखान्यांत कंत्राटी कामगार आणि ट्रेनी यांची संख्या मोठी आहे. त्यांना युनियन नाही, विरोध करायची सोय नाही. मीटिंगमध्ये ते मान डोलावतात आणि पुढच्या महिन्यात शेजारच्या कारखान्यात दिसतात. म्हणून त्यांच्या बाबतीत सभेतली शांतता न मोजता हजेरीपट मोजावा. बदलानंतरच्या दोन महिन्यांत गैरहजेरी, सोडून जाणारे आणि पुन्हा करावे लागलेले काम, हे तीन आकडे पाळीनिहाय काढले तर विरोध किती आहे ते समजते. कॉक आणि फ्रेंच यांनीही उत्पादनाबरोबर काम सोडून जाणारे मोजले होते.

पाचवी गोष्ट कायद्याची. मजुरी, पाळ्या, विश्रांतीची वेळ किंवा कपात होण्याचा संभव असलेले यांत्रिकीकरण अशा ठराविक बाबींत कामगारांच्या सेवाशर्ती बदलायच्या असतील तर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ नुसार सूचना देऊन २१ दिवस थांबावे लागत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कलम ४० मध्ये हीच तरतूद कायम आहे. बरेच जण हे २१ दिवस म्हणजे फलकावर कागद लावून वाट बघण्याचा काळ समजतात. तो ऐकण्यासाठी वापरला तर कायदाही पाळला जातो आणि पुढचे भांडणही वाचते.

विरोध चुकीचा असतो तेव्हा

प्रत्येक नकारामागे शहाणपण असते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. बोटांच्या ठशाची हजेरी, जीपीएस, साठ्याची ऑनलाइन नोंद, सही न करता पुढे न सरकणारी फाइल, यांना होणाऱ्या विरोधाच्या मुळाशी कधी कधी उशिरा येण्याची, माल बाहेर काढण्याची किंवा टेबलाखालच्या कमाईची सवय असते. तेही नुकसानच, पण त्याची भरपाई करायची नसते. ओळखायचे कसे? तक्रार नेमकी आहे का ते बघा. ‘ठशाचे मशीन गेटवर एकच आहे, पाळी सुटताना चारशे जण रांगेत उभे राहतात, बस निघून जाते’ ही तक्रार आहे, ती मशीन वाढवून सुटते. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ एवढेच वाक्य फिरून फिरून येत असेल, तर थोडे खोलात जावे. मात्र एक पथ्य पाळावे: हजेरीचा ठसा कामगाराला आणि सूट साहेबांना, असे असेल तर तक्रार करणारा बरोबर आहे, त्याचा हेतू काहीही असो.

या शहरापुढे येत्या काळात अशा कसोट्या रांगेने येणार आहेत. १ मे २०२५ रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एकत्र होऊन राज्यभराची एकच ग्रामीण बँक झाली. तिचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. दोन बँकांच्या कर्मचाऱ्यांची ज्येष्ठता, बदल्या, कामाच्या रीती आता एका छताखाली बसवायच्या आहेत. अशा वेळी कर्मचाऱ्यांच्या मनातला पहिला प्रश्न व्यवसायवाढीचा नसतो. ‘माझी बदली कुठे आणि माझ्यावर कोण?’ हा असतो. त्याचे उत्तर जितके लवकर आणि लेखी मिळेल तितकी अफवांची गिऱ्हाइके कमी होतात.

दुसरी कसोटी ऑरिक या शेंद्रा-बिडकीनच्या नव्या औद्योगिक नगरीच्या बाजूने येते आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने इथल्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, विजेवर चालणाऱ्या स्कूटर बनवणाऱ्या एथरनेही या शहराची निवड केली. विजेच्या वाहनाला पिस्टन लागत नाही, क्लच लागत नाही, गिअर कमी लागतात. वाळूज आणि चिकलठाण्यात हेच भाग घासून, कातून, तासून हजारो घरे उभी राहिली आहेत. तिथल्या कामगाराला ‘भविष्य इलेक्ट्रिक आहे’ हे पोस्टर दाखवले तर तो मनात एवढेच म्हणेल की माझे काय? त्याला आजच सांगता येण्यासारखे पुष्कळ आहे: कोणता भाग किती वर्षे चालेल असा कंपनीचा अंदाज आहे, मोटर किंवा वायरिंगचे काम शिकायला किती दिवस लागतील, शिकताना पगार कोण देणार, आणि वयाच्या पंचेचाळिशीत हे शिकणाऱ्याला नव्या लाइनवर पूर्वीचाच ग्रेड मिळणार का.

मालकांच्या संघटना, सीएमआयए आणि मसिआ, तंत्रज्ञानाची प्रदर्शने भरवतात, तज्ज्ञ बोलावतात. त्यांनी आणि प्रत्येक कारखान्याच्या एचआर विभागाने पुढच्या बदलाच्या बैठकीत दोन खुर्च्या वाढवाव्यात. एक रात्रपाळीच्या ऑपरेटरसाठी आणि एक कंत्राटी कामगारासाठी. बैठक त्यांच्या पाळीच्या वेळेत ठेवावी, झोपमोड करून नव्हे, आणि त्या तासाचा पगार कापू नये.